एका घराने सरकलेली उत्तरं

आंबिवलीचा डबा ठार वेडा झालाय असं मितेश महिनाभर सांगत होता आणि देवयानीलाही ते पटलेलं होतं. डबा म्हणजे सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी बसवायची एक करडी पेटी, आत मोबाईलमध्ये असतं तसं सिमकार्ड. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसातला प्रोग्राम ठाणे जिल्ह्यातल्या अशा शेकडो डब्यांशी जोडणी करायचा आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न आळीपाळीने विचारत राहायचा. टाकीत पाणी किती टक्के? पंप चालू की बंद? विजेचा दाब किती? बाकीचे डबे शहाण्या मुलांसारखी उत्तरं द्यायचे. आंबिवलीचा मात्र, टाकी किती भरली विचारलं की म्हणायचा दोनशे बत्तीस, पंपाचं विचारलं की बहात्तर, आणि विजेचा दाब विचारला की 'बंद'. सोसायटीच्या सेक्रेटरीने फोनवर आई-बापाचा उद्धार तेवढा बाकी ठेवला होता. शनिवारी दुपारी अर्धं ऑफिस घरी गेलेलं असताना देवयानीने त्या ओळी सहज म्हणून एक घर वर सरकवून वाचल्या आणि तिच्या हातातला चहा हातातच राहिला. उत्तरं बरोबर होती. पाणी बहात्तर टक्के, पंप बंद, दाब दोनशे बत्तीस. सगळी बरोबर होती, फक्त प्रत्येक उत्तर आधीच्या प्रश्नाचं होतं.

"मितेश, हा वेडा नाहीये रे," ती म्हणाली. "हा मागे राहिलाय."

"म्हणजे?" मितेश खुर्चीसकट सरकत आला. "मॅडम, सोमवारी पोरं पाठवतोय मी. नवीन बसवू, हा भंगारात. कशाला डोकं लावताय?"

"थांब. हे बघ, पहिल्या प्रश्नाला आपण किती वेळ थांबतो?"

मितेशने कोडात पाहिलं. तीन सेकंद. हा प्रोग्राम ज्याने लिहिला तो कंपनी सोडून कुठल्या कुठे गेला होता, पण त्याचे तीन सेकंद इथेच राहिले होते. जोडणी झाली की प्रश्न पाठवायचा आणि तीन सेकंद वाट पाहायची. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर त्याचा नाद सोडून पुढचा प्रश्न विचारायचा. आंबिवलीला रेंजचा दुष्काळ, त्यात बॅटरी वाचवायला डबा मधूनमधून डुलकी काढणारा. पहिल्या प्रश्नाने त्याला जाग यायची, तो उत्तर घेऊन निघायचा, पण तो पोचेपर्यंत इकडून दुसरा प्रश्न सुटलेला असायचा. थांबायचा कंटाळा आलाच होता तर जोडणी तोडून नव्याने जोडायला हवी होती. तेवढं कुणी केलं नव्हतं. त्यामुळे उशिरा आलेलं उत्तर त्याच वाटेने येऊन दारात उभं राहायचं आणि प्रोग्राम ते दुसऱ्या प्रश्नाचं समजून आत घ्यायचा. एकदा गाडं असं सरकलं की दिवसभर सरकलेलंच.

"तीनच का?" देवयानीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"स्क्रीन हळू चालली की कस्टमर शिव्या घालतो ना. कोणीतरी ठोकून दिलं असेल. सगळीकडे चालून गेलं, इथे फसलं." मितेशने खांदे उडवले. त्याचा प्रश्न सुटला होता, आणि सुटलेल्या प्रश्नाकडे तो पुन्हा वळून पाहत नसे. देवयानीचं तसं नव्हतं. सुटलेला प्रश्न ती उगाच हातात धरून बसायची. या कामात इतकी वर्षं काढल्यावर तिला नाही म्हणणारी यंत्रं आवडायला लागली होती. काही यंत्रं जोडणी मागितली की त्याच क्षणी झिडकारतात. दार तोंडावर आपटलं तरी दार आहे एवढं तरी समजतं. पंचाईत होते ती गप्प बसणाऱ्यांची. वायर कुरतडून उंदराने मोक्षाला पाठवलेला डबाही गप्प असतो आणि उत्तर घेऊन अर्ध्या वाटेवर आलेला डबाही गप्पच असतो, आणि इकडे बसून या दोघांतला फरक ओळखायची काही म्हणता काही सोय नाही. किती थांबायचं ते थांबणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे तो आकडा समोरच्याबद्दल काहीच सांगत नाही, आपल्याबद्दलच सांगतो. हे तिला आजवर सुचलं कसं नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं, आणि तेवढ्यात सलिलचा फोन आला.

"ताई, निघालीस का? मी दुपारीच पोचलोय. बाबांचे कपडे भरून झाले. उद्या सकाळी गाडी येईल, ते लोक वेळेचे पक्के आहेत म्हणे."

"बाबा काय म्हणतायत?"

"बाबा काय म्हणणार?" सलिल दमलेल्या आवाजात म्हणाला. "आत्ता विचारलं, स्वेटर घेऊ का बरोबर? गप्प. मग विचारलं, चष्म्याचं घर कुठेय? तर म्हणाले, घे घे. कशात काय नि कशात काय."

फोन ठेवल्यावरही देवयानी फोनकडेच पाहत राहिली. स्क्रीनवर दोनशे बत्तीस, बहात्तर, बंद. स्वेटर घेऊ का? घे घे. हे असलं जुळवत बसणं वेडेपणाचं आहे, माणूस काही डबा नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं आणि पर्स उचलली. मितेशला जाता जाता एवढंच म्हणाली, "सोमवारी कुणाला पाठवू नकोस. आधी वाट पाहायची वेळ वाढव, आणि नाहीच आलं उत्तर तर जोडणी तोड, मग नवीन प्रश्न. मग बघू खरंच वेडा आहे का."

टॅक्सी मुंब्रा बायपास उतरून शिळफाट्याला आली आणि रिवाजाप्रमाणे तिथेच रुतली. रस्त्याच्या कडेला 'अति घाई संकटात नेई' असा बोर्ड होता. इथे घाई करायला जागा आहे असं तो लावणाऱ्याला कशावरून वाटलं देव जाणे. देवयानीने काच खाली केली, धूळ आली, पुन्हा वर केली. दिवाळीनंतर बाबांना झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, पाय कसाबसा परत मिळाला, आणि बोलणं गेलं. म्हणजे अगदी गेलं नाही, पण मधूनच एखादा शब्द, तोही भलताच. आई असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती त्याच्या आधीच्या वर्षीच गेलेली. दिवसभर बाबांना बघायला ठेवलेली शकू असायची, रात्रीही तीच राहायची, सगळं तिच्या जिवावर चाललं होतं. आता शकूच्या लेकीचं बाळंतपण आलं, ती चिपळूणकडे गावी चालली, परत कधी ते तिलाच ठाऊक नव्हतं. सलिल पुण्याला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. देवयानी माजिवड्याला नवरा आणि लेकीसह दोन खोल्यांत, अंतराची दहावी, ऋतुराजच्या रात्रपाळ्या. बदलापूरच्या पुढे एक चांगलं ठिकाण सलिलने शोधलं. झाडंबिडं, नर्स, वेळच्या वेळी जेवण. दोघांनाही ते टोचत होतं. पण बाबाच हो म्हणाले आणि दोघांच्या जिवात जीव आला. त्या एका होकारावर सगळं उभं होतं. मनाला लागलं की तिने आणि सलिलने तो होकार फोनवर एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितला होता, त्यांनीच तर म्हटलं, आपण कुठे जबरदस्ती केली.

पहिल्यांदा तिला पिठलं आठवलं. सलिल बायको-मुलाला घेऊन आला होता तो रविवार. नीलला बाबांपुढे उभा करून सलिलने विचारलं होतं, बाबा, हा कोण? सांगा बरं, हा कोण? सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबांनी ओठ जुळवले आणि स्पष्ट म्हणाले, "पिठलं." आधी सगळे हसले, मग कुणीच हसेना, आणि नील सातवीतला मुलगा असून बाल्कनीत जाऊन रडला. नातवालाही ओळखत नाहीत, हे त्या दिवशी नक्की झालं. पण त्याच्या आधी कोण काय बोललं होतं? टॅक्सीवाल्याने हॉर्न दाबून धरला होता आणि देवयानी डोळे मिटून त्या खोलीत शिरायचा प्रयत्न करत होती. टीपॉयवर चिवड्याची बशी होती. सलिलची बायको मोजे काढत होती. आणि शकू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. हो, उभी होती. काय म्हणत होती? रात्रीला काय टाकू, बाबा? खिचडी का पिठलं? देवयानीने डोळे उघडले. पुढच्या ट्रकच्या मागे लिंबू-मिरची लोंबत होती.

मग ती हावरटासारखी आठवायलाच लागली. भीतीपेक्षाही तिला कुतूहल जास्त वाटत होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती. ठाण्याच्या त्या तरुण डॉक्टरने बाबांना भराभर विचारलं होतं, काका, आज वार कोणता? महिना कोणता? हे माझ्या हातात काय आहे? त्याच्या हातात पेन होतं आणि बाबा म्हणाले होते, "गुरुवार." डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काही खरडलं. डॉक्टर त्या दवाखान्यात बसायचेच मुळी गुरुवारी! एवढी साधी गोष्ट. तीही शेजारी बसलेली होती, तिलाही ऐकू आलं होतं, आणि तिनेही मनातल्या मनात त्यापुढे फुली मारली होती. उत्तर बरोबर आहे का हे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण ते वेळेवर आलं नव्हतं. आणि बाबांचा स्वभाव तरी असा कुठे होता तडकाफडकी बोलण्याचा? डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंगाची छटा जुळवायचं काम. पत्र्यावर रंग फासून तो पूर्ण वाळेपर्यंत साहेबाचा बाप आला तरी मत द्यायचे नाहीत, ओल्या रंगावर काय बोलायचं म्हणायचे. त्यावरून आई त्यांना चिडवायची. साडीचा रंग कसा आहे विचारलं तर हे दिवाळी उलटून गेल्यावर सांगतील, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. आई मात्र उत्तराची वाट पाहायची खरी. विचारून टाकायची आणि निवडायला घेतलेल्या मेथीकडे वळायची. बाबा बोलले की मान वर करायची. त्यांच्या घरात बाबांना दुसऱ्यांदा काही विचारायची गरज आई असेपर्यंत कुणाला पडलीच नव्हती.

आई गेली, बाबा आजारी पडले आणि घरात आग्रह सुरू झाला. आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह. नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं, गप्प बसलं तर चारदा विचारायचं. बाबा, चहा घेणार? घेणार का? अर्धा तरी? बरं मग दूध? की सरबत करू? एकदा विचारून गप्प बसलं तर ते कोरडेपणाचं दिसतं, माया कमी पडल्यासारखं दिसतं. जो येईल तो बाबांच्या भोवती प्रश्नांचा रतीब घालायचा, आणि गप्प बसलेल्या माणसापुढे तर माणसं अधिकच बोलतात, मधली पोकळी सहन होत नाही त्यांना. तीही तेच करत आली होती, आणि सगळ्यांत मायेने करत आली होती. बाबा पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आत कुठेतरी जात असतील, हातात घेऊन परत येत असतील, आणि दारात येऊन बघावं तर बाहेर तिसराच प्रश्न चाललेला. तरी ते देत होते आपलं आणलेलं उत्तर. टाकून देत नव्हते. या विचारापाठोपाठ तिला तो दिवस आठवला, ज्याच्याकडे जायचं ती टॅक्सीत बसल्यापासून टाळत होती.

तो होकाराचा दिवस. सलिल फोनवर त्या ठिकाणाचे फोटो दाखवत होता, बाबा खुर्चीत, ती त्यांच्या शेजारी. बाबांचा हात तिला गार लागला म्हणून तिने विचारलं होतं, बाबा, पंखा बंद करू का? आणि उत्तर यायच्या आधीच सलिल म्हणाला होता, बाबा, इथे राहाल ना तुम्ही? आवडेल ना? काही वेळ शांतता, आणि मग बाबा म्हणाले, "हो." सलिलने तिच्याकडे पाहिलं, तिने सलिलकडे. पंखा बंद करायचं ती विसरून गेली. बाबा वर पंख्याकडे पाहत होते हे तिला आत्ता दिसलं, तेव्हा दिसलं नव्हतं; की तेव्हाही दिसलं होतं? सलिलला तर हुरूपच आला. चला, चहा टाक गं शकू, बाबा, चहा घेणार ना? आणि बाबा म्हणाले होते, "नाही. नाही." दोनदा. सगळ्यांना मौज वाटली होती. जन्मात दुपारच्या चहाला नाही न म्हटलेला माणूस. शकूने कप आणून हातात दिला, असं कसं बाबा, अर्धा तरी घ्या, आणि बाबांनी तो घेतला, प्यायले. आग्रहापुढे कुणाचं काय चालतं. टॅक्सी हलली. मागच्या गाड्यांनी एकच कल्ला केला. देवयानी पुढच्या सीटच्या पाठीला धरून बसली. ते चहाला नाही म्हणाले नव्हते. किंवा म्हणालेही असतील. डोंबिवलीपर्यंत ती तेच घोकत राहिली, म्हणालेही असतील, आपण एका ऑफिसातल्या बिघाडावरून बापाचं मन वाचायला निघालोय, पहिल्यांदा खात्री करून घ्यायला हवी, माणसाची खात्री करून घ्यायची म्हणजे त्याला विचारायला हवं. आणि विचारून गप्प बसायला हवं.

टिळकनगरच्या मागच्या घरात शिरली तेव्हा बाबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, उद्याची तयारी आजच केल्यासारखे. सलिल औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरत होता. शकू म्हणाली, "ताई, बाबा मघापासून गप बसलेत. मी किती इचारलं, काय बोलंनात." देवयानीने चपला काढता काढता सलिलला बाजूला घेतलं.

"सलिल, मी बाबांना एक गोष्ट विचारणार आहे. विचारल्यावर कुणी बोलायचं नाही. कितीही वेळ लागला तरी."

"काय विचारणारेस?"

"जायचंय का ते."

सलिलचा चेहरा उतरला. "ताई, प्लीज. उद्या गाडी येतेय. ते हो म्हणालेत, तू होतीस ना तिथे? आता शेवटच्या दिवशी हे काय उकरून काढतेस? मला काय हौस आहे का त्यांना तिकडे ठेवायची?" त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याला ते दाखवायचे नव्हते.

"नाहीये, माहितीये मला. मलाही नाहीये. पण ते हो दुसऱ्याच कशाला तरी होतं असं वाटतंय मला. चुकत असेन. तू फक्त बोलू नकोस."

ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. आधी साधंच विचारून पाहू असं तिने ठरवलं होतं. "बाबा, खिडकी उघडू का?" ती म्हणाली आणि गप्प बसली. वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच अवघड होतं. घरात कुणी बोलत नसलं की किती आवाज असतात. शेजारच्या टीव्हीतली कुठल्याशा मालिकेतली सासू, खाली भंगारवाल्याचा कर्णा, फ्रिजची घरघर. तिच्या जिभेवर पुढचे प्रश्न येऊन उभे राहिले, की राहू दे? गार लागतंय का? शकू सवयीने म्हणाली, "उघडा वो, आवडतं तेन्ला," आणि देवयानीने तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा वरमून गप्प झाली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कुणीही म्हटलं असतं की इथे कुणी नाही. मग त्यांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर हललं, गळ्याची गाठ वर गेली, खाली आली, जबडा एका बाजूला सरकला. ती बघत राहिली. इतके महिने ती या चेहऱ्यासमोर बसत होती आणि हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण इथवर येईपर्यंत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं.

"नको," बाबा म्हणाले. मग, बऱ्याच वेळाने, "धूळ."

सलिल पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. खाली रस्ता खणून ठेवला होता, धुळीचे लोट उठत होते. उत्तर नुसतं बरोबर नव्हतं, आजचं होतं, या क्षणाचं होतं. देवयानीला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही तिने आवरलं, कारण खरा प्रश्न पुढेच होता आणि त्याची आता तिला भीती वाटायला लागली होती. हो म्हणाले तर उद्या त्यांना गाडीत बसवायचं, नाही म्हणाले तर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. न विचारता राहिलं असतं तर तेवढं तरी सोपं होतं. ती गुडघे टेकून त्यांच्या खुर्चीशी बसली.

"बाबा, उद्या तुम्हाला बदलापूरच्या पुढे न्यायचं ठरलंय. तिथेच राहायला, कायमचं. तुम्हाला जायचंय का?"

आणि पुन्हा सगळे आवाज. सलिलने तोंड उघडलं, तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं. या वेळी जास्त वेळ लागला. भंगारवाला गल्लीच्या टोकाला जाऊन परत आला. बाबांची नजर तिच्या चेहऱ्यावरून निघून कुठेतरी आत गेली होती, आणि आत काय असेल, लांबच लांब बोळ असेल का, की उजेड असेल, शब्द मांडून ठेवलेले असतील की सांडलेले, हे तिला इतकं जाणून घ्यावंसं वाटलं की क्षणभर ती प्रश्नच विसरली. मग बोट हललं.

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचं संपलं नव्हतं. ती थांबली. "नाही... म्हटलं... होतं."

"कधी?" सलिल एकदम म्हणाला. "बाबा, कधी म्हटलं होतं?" आणि लगेच त्याचं त्यालाच कळून त्याने तळहात तोंडावर दाबला.

"चहाच्या वेळी," देवयानी हळूच म्हणाली. "दोनदा."

सलिलला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो पलंगाच्या कडेवर बसला आणि चाळिशीला आलेला माणूस लहान मुलासारखा रडला. आपण मौन म्हणजे संमती धरून चाललो होतो असंही नाही, देवयानीच्या मनात आलं, आपण नकार ऐकला होता, वर त्याला अर्धा कप चहा पाजला होता. शकूने पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने सलिल म्हणाला, "मग आता काय ताई? शकू चालली. माझ्याकडे जिने चढवायचे कसे त्यांना? रजा तरी किती टाकू?" त्याने विचारलं आणि मान खाली घातली. तिच्या दोन खोल्यांचं नाव त्याने काढलं नाही. ते आजवर कुणीच काढलं नव्हतं. अंतराची दहावी, ऋतुराजच्या रात्रपाळ्या, हे इतक्यांदा बोलून झालं होतं की त्यापलीकडे एक प्रश्न आहे हे सगळे विसरले होते, तीही.

बाबा तिच्याकडे पाहत होते. त्यांचं बोट पुन्हा हलत होतं.

"तुझ्याकडे," ते म्हणाले. "तुला... चालेल?"

झटका आल्यापासून बाबांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. हा पहिला प्रश्न. तिच्या ओठांवर 'हो, चालेल की, असं काय विचारता' हे तयार होतं, गुळगुळीत, नुसतं बाहेर पडायचा अवकाश. अशा प्रश्नाला लेकीने द्यायचं उत्तर ठरलेलंच असतं, त्यासाठी आत जावं लागत नाही. ते तिने तोंडातच धरून ठेवलं, आणि मग तिला कळलं की त्याच्या मागे दुसरं काहीच तयार नाही. तिला आत जावं लागलं. आत न्हाणीघराचा अरुंद दरवाजा होता, ज्यातून बाबांना धरून आत नेता येणार नव्हतं. अंतराचं टेबल होतं, ते कुठे हलवायचं. ऋतुराजचा समजूतदार चेहरा होता आणि सहा महिन्यांनी तो कसा दिसेल तोही होता. औषधांचा वास, ओली चादर, ऑफिसातून धावत येणं, चिडणं, चिडल्याची लाज. आणि या सगळ्याच्या तळाशी, कुणाला सांगायला नको इतका लहान, एक आनंदही होता, की बाबा समोर बसलेले असतील आणि ती त्यांना काहीही विचारू शकेल. या सगळ्यातून काय उचलून बाहेर न्यावं ते तिला समजेना. सलिल तिच्याकडे पाहत होता, शकू पाहत होती. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. 'नसेल तर राहू दे' म्हटलं नाही, नजरही काढून घेतली नाही. ते थांबले होते, आणि तिचं येईपर्यंत थांबणार होते.

"मला भीती वाटते, बाबा," शेवटी ती म्हणाली. "जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही. पण या."

बाबांचे ओठ जुळायला लागले. काहीतरी निघालं होतं. देवयानी तशीच खाली फरशीवर मांडी घालून बसली, आणि सलिलही तिच्या शेजारी येऊन बसला.